सूर्यास्ताचे सिल्हूट फोटो: नागपुरात नवीन असाल तर इथून सुरू करा

माझा पहिला सिल्हूट फोटो मामेभावाचा अन् होणाऱ्या वहिनीचा. फुटाळा तलावाच्या काठावर दोघांना एकदम चिपकून उभं केलं, मागे मस्त केशरी सूर्य, मी खूश. घरी येऊन मामीला दाखवला तर ती चष्मा वर करून म्हणते, "सूर्य छान आलाय रे, पण हे पाण्याकाठी पोतं कोणी ठेवलं?"

दोन माणसांचं मिळून एक पोतं झालं होतं. तेव्हापासून दोनेक वर्षं मी संध्याकाळी कुठे ना कुठे बसलेला असतो, अन् आता ओळखीतले चारपाच जण सारखे तेच तेच विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. शब्दावरून भांडू नका, कोणी सिल्हूट म्हणतं कोणी सिलुएट, आमच्यातला एक तर सिलेट म्हणतो. अर्थ एकच, मागे उजेड अन् पुढे पूर्ण काळी आकृती. काळ्या आकृतीत चेहरा नाही, कपडे नाहीत, रंग नाही. फक्त कड दिसते. त्यामुळे कॅमेरा कोणता यापेक्षा तुम्ही कुठे उभे राहता, खरं तर कुठे बसता, यावर जास्त असतं.

१) काय काय लागतं

- फोन. साधा चालतो. प्रो मोड (ज्यात सेटिंग आपल्या हाताने बदलता येतं) असला तर बरं.
- चष्म्याचं फडकं नाहीतर जुना सुती रुमाल. लेन्सवर बोटाचा तेलकट डाग असला की सूर्यापासून आडवी तिडवी पांढरी रेघ येते अन् आपण फोनला शिव्या देतो. तर्री पोहे खाऊन थेट फोन काढणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.
- बसायला पोतं. हो, पोतंच. का ते चौथ्या मुद्द्यात.
- परतीसाठी टॉर्च अन् डासांचं क्रीम, तलावाकाठी तर हमखास.
- कॅमेरा असेल तर लांबचं जवळ ओढणारी झूम लेन्स, २०० एमएम किंवा वर. ट्रायपॉड सूर्य बुडाल्यानंतर कामाचा, आधी उगाच ओझं.

२) वेळ अन् दिशा, इथेच अर्धे लोक हरतात

"सहा वाजता भेटू" असं ठरवून निघू नका. नागपुरात नोव्हेंबरच्या शेवटी साडेपाचलाच सूर्य बुडतो, मार्चमध्ये सव्वासहा ते साडेसहा, अन् जूनच्या शेवटी जवळजवळ सातला. म्हणजे दिवाळीनंतर सहाला पोचलात तर नुसते डासच भेटतील. त्या दिवशीची वेळ फोनच्या हवामान ॲपमध्ये बघा अन् तिच्या पाऊण तास आधी जागेवर असा.

ॲप नसलं तर मूठ वापरा. हात सरळ लांब करून आडवी मूठ क्षितिजावर ठेवायची, सूर्य मुठीच्या वर टेकलेला दिसला म्हणजे साधारण ४० मिनिटं उरली. मुठीची रुंदी आकाशात १० अंशांच्या आसपास भरते म्हणून हे जमतं.

दिशेचा घोळ अजून मोठा. सूर्य पश्चिमेला मावळतो हे शाळेतलं झालं, बरोबर पश्चिमेला तो मार्च अन् सप्टेंबरातच मावळतो. आपल्याकडे जूनमध्ये तो पश्चिमेपासून २५ अंश उत्तरेकडे सरकलेला असतो, डिसेंबरात २५ अंश दक्षिणेकडे, म्हणजे वर्षभरात पाच मुठींचा फरक. मी एकदा डिसेंबरात एक सुंदर एकटं पळसाचं झाड हेरून ठेवलं होतं, बरोबर त्याच्या मागे सूर्य जायचा, मग म्हटलं मे महिन्यात पानं नवीन येतील तेव्हा करू. मे महिन्यात गेलो तर सूर्य कुठच्या कुठे, एका मोबाईल टॉवरच्या मागे. त्यामुळे जागा आवडली तर त्याच आठवड्यात काम उरका. मार्च-सप्टेंबरच्या आसपास तर सूर्य रोज जवळजवळ स्वतःच्या रुंदीएवढा बाजूला सरकतो.

ऋतूचं माझं मत विचाराल तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोपं, हवेत धूर अन् धूळ असते त्यामुळे सूर्य तांबडा, गोल अन् बघण्यालायक मऊ होतो. पावसाळ्यात दहा दिवसांतले आठ फुकट जातात पण उरलेले दोन असे येतात की बाप्पा! मे महिन्यात मी जात नाही. आकाश पांढरट, फोन तापून बंद पडतो, अन् आपण पण.

३) जागा

फुटाळा सगळ्यात सोपा कारण चौपाटीवर उभं राहिलं की पाणी पुढे अन् सूर्य पाण्यापलीकडे जातो. अंबाझरीला पण पूर्वेकडच्या काठावरून तसंच. पण दोन्हीकडे एक फसगत आहे. पलीकडच्या काठावर झाडांची काळी पट्टी असते, अन् तुमचा माणूस उभा असला की नेमकं त्याचं डोकं त्या पट्टीत जातं. काळ्यावर काळं. मग फोटोत बिनमुंडक्याचा माणूस. उपाय दोनच आहेत. एकतर तुम्ही इतकं खाली जा की डोकं अन् खांदे झाडांच्या वर आकाशात येतील, नाहीतर उंचावर जा म्हणजे अख्खी आकृती चमकत्या पाण्यावर येईल. पाणी पण आकाशासारखंच उजळ असतं, त्याच्यावर पण सिल्हूट मस्त होतं. रामटेककडच्या मालगुजारी (जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या) तलावांवर पाळीवर, म्हणजे बांधावर, चढून खाली ढिवर (मासे धरणाऱ्या) भाऊंचा डोंगा घेतला ना, तर आकाश फ्रेममध्ये घ्यायची पण गरज नाही.

सरावासाठी झिरो माईल. खांब आहे अन् चार घोडे आहेत, घोडे हलत नाहीत, कंटाळत नाहीत, "झालं का" विचारत नाहीत. आजूबाजूला बिल्डिंगा असल्या तरी खाली वाकून बघा, घोड्याची मान अन् कान उजळ आकाशात आले की झालं. सूर्य फ्रेममध्ये दिसलाच पाहिजे असा काही नियम नाही.

अन् एक सावध करतो, फुटाळा अन् सेमिनरी हिल्सच्या बाजूला वायुसेना नगर आहे, कामठीला छावणी आहे. भिंतीवर फोटोग्राफी मना असा बोर्ड दिसला की कॅमेरा बॅगेत. सूर्य कितीही छान असू दे, नंतरची प्रश्नोत्तरं छान नसतात.

४) खाली बसा. मग अजून खाली

हा एक मुद्दा लक्षात राहिला तरी बाकीचं विसरलं तर चालेल. उभं राहून आपल्या डोळ्यांच्या उंचीवरून फोटो काढला की समोरच्या माणसाचं फक्त डोकं क्षितिजाच्या वर येतं, बाकी सगळं अंग जमिनीवर, झुडपांवर, मागच्या गाड्यांवर जातं अन् काळ्यात काळं मिसळतं. गुडघ्यावर बसलात की कमरेपर्यंत आकाशात येतो. पोटावर झोपलात, फोन उलटा करून लेन्स जमिनीला टेकवली, की पायापर्यंत अख्खा माणूस आकाशात. जनावरांना तर हे अजूनच लागू कारण ती बुटकी असतात. बकरीचे चारही पाय वेगवेगळे दिसायला हवे असतील तर तुम्हाला मातीतच झोपावं लागेल, दुसरा रस्ता नाही.

म्हणून पोतं. मी एकदा नुसता झोपलो होतो, हिवाळ्यातलं वाळलेलं गवत, घरी येऊन पाऊण तास शर्टातली कुसळं उपटत बसलो अन् गुडघ्यात दोन सराटे ते वेगळेच.

खाली जायचं जमत नसेल तर समोरच्याला वर चढवा. पाळ, बांध, मुरमाचा ढीग, गच्चीची मुंडेर, काहीही.

५) फोनची सेटिंग

क) फ्लॅश बंद, नाईट मोड बंद, पोर्ट्रेट मोड बंद. फ्लॅश चुकून ऑटोवर राहतो, तो आधी बघा.

ख) एचडीआर (काळं अन् उजळ दोन्ही सारखं दाखवायला बघणारा मोड) बंद, ऑप्शन असेल तर. हा खरा गुन्हेगार. आजकालचे फोन शहाणे झालेत, त्यांना वाटतं माणूस काळा येतोय म्हणजे चूक होतेय, मग ते स्वतःच चेहरा उजळ करतात अन् आकाश फिक्कं करतात. आपल्याला नेमकं उलटं पाहिजे.

ग) स्क्रीनवर सूर्याच्या बाजूच्या उजळ आकाशावर बोट ठेवा, सूर्यावर नाही. दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये लॉक होतं. मग छोटं सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी दिसेल, ती खाली ओढा. माणूस पूर्ण काळा होईपर्यंत ओढा, मग अजून थोडी.

घ) रंग फिके वाटत असतील तर प्रो मोडमध्ये व्हाईट बॅलन्स (फोटोच्या रंगाची छटा ठरवणारं सेटिंग) ऑटोवरून काढून उन्हाच्या किंवा ढगाच्या चिन्हावर ठेवा. ऑटोवाला केशरी रंगाला "चूक" समजून धुऊन टाकतो. तिथेच आयएसओ (उजेड किती वाढवून घ्यायचा ते) सगळ्यात कमी, ५० नाहीतर १००, अन् शटर (उजेड किती वेळ आत घ्यायचा ते) १/५०० सेकंदापासून सुरू करून स्क्रीनवर बघत बघत वरखाली करा.

डिजिटल झूम करू नका. आकृतीची कड फाटल्यासारखी येते, अन् इथे कड हीच आपली सगळी इस्टेट.

६) कॅमेरा असेल तर

मॅन्युअल मोड, आयएसओ १००, ॲपर्चर (लेन्सचं भोक) एफ ८, शटर १/५०० ला एक फोटो घ्या अन् स्क्रीन बघून ठरवा. मॅन्युअल जमत नसेल तर ॲपर्चर मोडवर कॉम्पेन्सेशन (फोटो किती उजळ-काळा करायचा ते) उणे १ ते उणे २. स्पॉट मीटरिंग (एकाच ठिपक्यावरचा उजेड मोजणं) सूर्याच्या बाजूच्या आकाशावर करा. फोकस मात्र माणसाच्या कडेवर, जिथे काळं अन् उजळ मिळतं तिथे, कारण सपाट काळ्यावर कॅमेरा फोकस शोधत नुसता पुढेमागे करत बसतो. चालत्या माणसाला १/२५० तरी द्या, पळत्या जनावराला अन् उडत्या पक्ष्याला १/१०००.

डीएसएलआर असेल तर झूम लेन्स लावून व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे डोळा लावू नका. डोळ्याची कायमची वाट लागू शकते. मागच्या स्क्रीनवर बघून काढा, अन् लेन्स सूर्याकडे तोंड करून उगाच ठेवून देऊ नका.

७) माणसं

पोत्याचा धडा: फट ठेवा. दोन माणसांमध्ये फट, हात अन् कंबर यांच्यामध्ये फट, दोन पायांमध्ये फट. त्या फटीतून आकाश दिसलं की मेंदूला कळतं हा हात, हा पाय. जोडप्याला मिठी मारायला सांगू नका, हात धरून एक पाऊल लांब उभं करा, हवं तर कपाळं जवळ आणू द्या पण नाकं वेगळी दिसली पाहिजेत.

चेहरा कॅमेऱ्याकडे नको, बाजूला. समोरून काळं डोकं म्हणजे मडकं. बाजूने नाक, ओठ, हनुवटी सगळं कळतं अन् मामीसुद्धा ओळखते कोण आहे ते. ढगळ कुर्ता नको, वाऱ्यावर ओढणी चालेल, फेटा चालेल, सायकल तर सोनंच. हातात काहीतरी काम असलं की आकृती आपोआप बोलते, चहा ओतणारा घ्या, जाळं फेकणारा घ्या. संक्रांतीच्या आठवड्यात गच्चीवर चढा, एका हातात चक्री धरलेली पोरगी, मान वर करून ओढ देणारा पोरगा, शेजारच्या गच्चीवरून "ओ काट", पोझ द्यायला सांगायची गरजच नाही. परत येताना गाडीवर गळ्याला दुपट्टा गुंडाळून या, नायलॉन मांजावर बंदी असली तरी तो रस्त्यावर लटकत असतोच.

ओळख दिसत नाही म्हणून न विचारता अनोळखी लोकांचे, खास करून बायका अन् लेकरांचे फोटो काढायचे, हे मला पटत नाही. आधी विचारा. नंतर दाखवा पण. दाखवलं की दुसऱ्या दिवशी तेच लोक स्वतःहून हाक मारतात.

८) जनावरं

इथे मजा आहे अन् इथेच सगळ्यात जास्त वेळ जातो.

शहराच्या बाहेर कुठल्याही गावाच्या शिवेवर संध्याकाळी ढोरं घरी येतात. गोधुळीची वेळ म्हणतात ती उगाच नाही, खुरांनी उडालेली धूळ मागून उजेड आला की सोन्यासारखी पेटते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा थेट रस्त्यात पालथा पडलो, कळप समोरून. गुराखी काकाजी लांबूनच ओरडले, "काय करून राहिला बे? उठ, तुडवतीन ना!" उठून बाजूला झालो, माफी मागितली, मग म्हटलं, "काकाजी, फोटो काढू का?" तर म्हणे, "काढ ना बाप्पा, पण बाजूनं. अन् ते ढोर मारकं हाय, त्याच्याकडं जाऊ नको."

काकाजींनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं होतं. बाजूनं. समोरून येणारी गाय म्हणजे पायावर ठेवलेला काळा गोळा. बाजूने मात्र शिंगं, वशिंड, गळ्याची पोळी, शेपूट, सगळं वेगळं दिसतं. पाय चालताना बघत राहा, चारही पाय वेगळे दिसले त्या क्षणी बटण. तो क्षण एका पावलात एकदाच येतो म्हणून एकच फोटो काढून थांबू नका, बटण दाबून धरून दहा-पंधरा काढा, त्यातला एक चालतो. डोकं खाली घालून चरणारं जनावर घेऊ नका, तोंड गवतात बुडतं. मान वर करायची वाट बघा. शिट्टी मारून, दगड फेकून मान वर करायला लावणारे मी पाहिलेत, त्यांना तिथेच टोका.

पोळ्याला कुठल्यातरी खेड्यात जा. तोरणाखाली बैलजोड्या रांगेत, कोणी झडत्या (पोळ्याची गाणी) म्हणतंय, शिंगांना बाशिंगं बांधलेली, त्या बाशिंगांची कड काळ्यात जी दिसते ती तुम्हाला वर्षभर दुसरीकडे मिळणार नाही. ऑगस्ट-सप्टेंबर असतो, सूर्य दिसेलच असं नाही, ढगांच्या मागचा उजेड पुरतो. पोळा फुटला की बैल एकदम सुटतात, तेव्हा तुम्ही पालथे पडलेले नसलेले बरे. अन् दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लाकडी चाकाचा बैल दोरीने ओढणारं लेकरू. माझ्या मते हा नागपूरचा सगळ्यात सोपा अन् सगळ्यात गोड सिल्हूट आहे, कारण बैल हलत नाही, लेकरू हलतं पण ते बुटकं आहे म्हणून तुम्ही आधीच जमिनीवर आहात.

वानरं हवी असतील तर रामटेकचा गड. भिंतीच्या कठड्यावर ती बसतात, शेपूट खाली लोंबकळत, आकृती आयती तयार. हातात प्रसादाची पिशवी ठेवू नका. फोनची दोरी मनगटात अडकवा.

पक्ष्यांसाठी तलावाकाठचं वाळलेलं झाड शोधा. पाणकावळा पंख पसरून वाळवत बसतो ती आकृती तर शाळेतलं पोरगं पण ओळखेल. पेंच-ताडोबाला जाणार असाल तर दुपारच्या सफारीची गाडी सूर्यास्ताला गेटबाहेर यावीच लागते, त्यामुळे शेवटच्या दहा मिनिटांत गाईडला "अजून थोडं" म्हणू नका, त्याची नोकरी असते. बुकिंगला दिलेलं ओळखपत्र तेच सोबत ठेवा अन् मोबाईल आत चालतो का ते आधीच विचारून घ्या. वाघापेक्षा चितळाची शिंगं सिल्हूटला भारी, हे माझं वैयक्तिक मत.

९) मोठ्ठा सूर्य कसा येतो

"माझ्या फोटोत सूर्य हरभऱ्याएवढा का?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. कारण तो आहेच तेवढा, आकाशात सूर्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश. फोनच्या मेन कॅमेऱ्यात तो फोटोच्या उंचीच्या साधारण शंभराव्या हिश्श्याएवढा येतो. सूर्य मोठा करता येत नाही, माणूस लहान करता येतो. म्हणजे तुम्ही मागे जायचं अन् झूम लेन्सने जवळ ओढायचं.

हिशोब सोपा आहे, उंचीच्या १०८ पट अंतर गेलात की वस्तू अन् सूर्य सारखे दिसतात. साडेपाच फुटाचा माणूस सूर्याच्या गोलात बरोबर बसवायचा तर तुम्ही सुमारे १८० मीटर लांब पाहिजे, साडेचार फुटाच्या बैलासाठी दीडशे मीटर. तेवढं लांब गेल्यावर "थोडा डावीकडे" ओरडून ऐकू जात नाही, फोन लावून ठेवा कानाला. अन् सूर्य दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा खाली जातो, म्हणून माणसाला नाही, स्वतःलाच पटपट बाजूला सरकावं लागतं.

१०) सूर्य बुडाला म्हणून उठू नका

फुटाळ्यावर सूर्य गेला की सगळी गर्दी भजी अन् मक्याकडे वळते. तुम्ही बसून राहा. पुढची २०-२५ मिनिटं आकाशात उजेड असतो, ढग असतील तर खरा रंग दहा मिनिटांनी खालून चढतो, जांभळा, गुलाबी, तांब्यासारखा. तेव्हा आयएसओ ४०० नाहीतर ८०० करा, शटर खाली आणा, ट्रायपॉड आता काढा. समोरच्याला श्वास रोखून उभं राहायला सांगा.

११) घरी आल्यावर

स्नॅपसीड किंवा लाइटरूम, कोणतंही. क्षितिज सरळ करा, काळं अजून काळं करा, शॅडोची (सावल्या उजळ करणारी) पट्टी वर न्यायचा मोह आवरा नाहीतर काळ्यात राखाडी दाणे अन् अर्धवट चेहरे निघतात. रंग थोडाच वाढवा, आकाश संत्रा बर्फीसारखं दिसायला लागलं की थांबा.

पाठवताना व्हॉट्सॲपवर नुसता फोटो टाकू नका, आकाशात पायऱ्या पायऱ्या पडतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मामीला मी आता तसाच पाठवतो, परवाचा बैलजोडीचा बघून तिचा रिप्लाय आला, "यातला डावीकडचा बैल लंगडतो का?" लंगडतच होता.